प्रश्न मागच्या दाराचा

गोव्यात बार्देश तालुक्यात हडफडे नावाचे गाव आहे. बाहेरचे लोक त्याला आर्पोरा म्हणतात. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तेथील एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे प्राणास मुकली. त्या बातमीबरोबर जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली ती झगमगाटाची आणि नाचगाण्याची होती. त्यामुळे मेले ते मौजमजा करावयास गेलेले सुखवस्तू लोक, असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुस्थिती निराळी होती. त्या २५ जणांपैकी पर्यटक होते ५. उरलेले २० जण त्या क्लबचे नोकर होते. झारखंड, उत्तराखंड, आसाम, नेपाळ अशा दूरदूरच्या मुलखांतून ते पोटासाठी आलेले होते. आग लागली ती वर, नाचाच्या जागी. गुदमरून मेलेल्यांत अनेकजण खाली, तळघरातील चुलीपाशी होते. रस्ता अरुंद असल्याने अग्निशमन दलाचे बंब क्लबच्या दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत.

मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने नाइट क्लबविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्वारीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात नाइट क्लब नाहीत आणि ते असावेत अशी कोणाची इच्छाही नाही. परंतु रत्नागिरीहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग याच गावावरून जातो, आणि अशा कोणत्याही महामार्गावर परमिट रूम, बिअर बार व ढाबे यांची रांग असतेच. शिवाय तालुक्याच्या दक्षिण भागातील कोरडवाहू गावांत ज्यांचे घर शेतीवर चालत नाही अशी मुले पुण्याला, मुंबईला, गोव्याला हॉटेलांत कामास जातात. ती माझ्याच वर्गात मागच्या बाकांवर बसलेली असतात. हडफड्याची बातमी वाचताना मृतांच्या गावांची नावे मी दोनदा वाचली, ती एवढ्याचसाठी.

त्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. बी. ए. झालेला हा मुलगा दिवसा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आणि रात्री महामार्गावरील एका परमिट रूममध्ये वेटरचे काम करतो. बोलता बोलता मी त्याला विचारले, ‘तुमच्या हॉटेलला मागे दार आहे का रे?’ तो म्हणाला, ‘आहे ना, सर. पण सातनंतर त्याला कुलूप असते.’ ‘ते कशासाठी?’ ‘गर्दीत एखादे गिऱ्हाईक बिल न देता मागच्या मागे सटकते. गेले की ते पैसे आमच्या पगारातून कापतात. म्हणून कुलूप आम्हीच लावतो.’

‘आम्हीच लावतो’ हे त्याचे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. उद्या दुर्दैवाने त्या ठिकाणी आग लागली, किंवा नुसती मारामारी होऊन पळापळ झाली, तर ज्या दारातून त्याने बाहेर पडावयाचे ते दार त्याने स्वतःच्या हातांनी बंद केलेले असणार. आणि तसे करण्यात त्याचा मूर्खपणा मुळीच नाही. दोनपाचशे रुपयांची कपात दर आठवड्याला समोर दिसते. आग कधी लागेल की लागणारच नाही, हे कोणालाच दिसत नाही.

हे ऐकून एका जुन्या दुर्घटनेची आठवण झाली. अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाचा क्लब होता. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तेथे आग लागून ४९२ माणसे मेली. परवानगी होती ४६० माणसांची. आत होती जवळजवळ हजार. दर्शनी दार गोल फिरणारे होते. माणसांच्या रेट्याने ते अडकून बसले आणि त्याच्यामागे प्रेतांचा ढीग झाला. बाहेर पडण्याच्या इतर दारांपैकी काहींना कुलपे होती. कारण हेच, की गिऱ्हाइकाने पैसे चुकते केल्यावाचून जाऊ नये. त्या रात्रीनंतर अमेरिकेत फिरत्या दाराशेजारी बाहेरच्या बाजूस उघडणारे साधे दार असलेच पाहिजे, असे नियम झाले. त्याला आता ८० हून अधिक वर्षे लोटली. तेच कुलूप, त्याच कारणासाठी, आमच्या महामार्गावर आजही रोज संध्याकाळी लागते आहे.

उभी बाटली, आडवी बाटली

मद्यालयांकडे पाहण्याची आपल्या समाजाची रीत ठरून गेली आहे. ते असावे की नसावे, एवढ्या एकाच प्रश्नावर आपण वाद घालतो. महाराष्ट्रात गावातील किंवा प्रभागातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते व एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते. हा हक्क मोलाचा आहे. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याचा मार ज्यांनी खाल्ला त्यांच्या अनुभवातून तो आला आहे, आणि त्याविषयी मला पूर्ण आदर आहे.

परंतु या मतपत्रिकेवर तिसरे चित्र नाही. बाटली उभी राहिली, म्हणजे दुकान चालू राहिले, तर ते कसे चालावे, हा प्रश्न कोणीच कोणाला विचारत नाही. सभ्य माणूस परमिट रूमवरून जाताना मान वळवून घेतो. जेथे आपण जात नाही, जेथे जाणे आपल्याला शोभत नाही, तेथे दारे किती, माणसे किती, दंगा झाला तर आवरावयाचा कोणी, याची चौकशी आपण कशास करावी? या मान वळविण्यालाच आपण नीतिमत्ता समजतो. तिचा लाभ मात्र सर्वांत अधिक होतो तो बेफिकीर मालकाला, कारण त्याच्याकडे पाहणारे डोळेच उरत नाहीत.

संपूर्ण दारूबंदी हाच खरा उपाय, असे म्हणणारे वाचक आहेत, हे मी जाणतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या चळवळींमागे प्रामाणिक माणसांचे कष्ट आहेत. तथापि परवान्याबाहेरची दारू कोणत्याच नियमाच्या कक्षेत येत नाही, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक गरिबांचा बळी घेतला. बंदी यावी की येऊ नये, हा वाद चालू राहो. पण तो मिटेपर्यंत रोज रात्री हजारो मुले या ठिकाणी कामास उभी राहणार आहेत. त्यांच्या जिवाचा प्रश्न त्या वादाचा निकाल लागेपर्यंत तहकूब ठेवता येत नाही.

एका जादा खुर्चीचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सीमान्त उत्पन्न आणि सीमान्त खर्च या कल्पना पहिल्या वर्षी शिकवाव्या लागतात. त्या समजावून देण्यास मद्यालयाइतके चांगले उदाहरण नाही. जागा पन्नास माणसांची आहे असे समजा. एकावन्नावी खुर्ची टाकली तर तिचे सारे उत्पन्न मालकाचे. तिचा खर्च किती? खुर्चीची किंमत, बस्स. पण त्या खुर्चीने वाट अर्ध्या हाताने अरुंद झाली, वेटरला वळावयास जागा राहिली नाही, धक्का लागला, धक्क्यावरून शिवीगाळ झाली, ग्लास फुटला, हा खर्च कोणत्या वहीत लिहावयाचा? तो मालकाच्या वहीत येत नाही. वेटरच्या, शेजाऱ्याच्या, रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या आणि सरकारी दवाखान्याच्या वहीत तो जातो. नफा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा अशी स्थिती असेल तेथे जादा खुर्ची पडणारच. मालक सज्जन असो वा दुर्जन.

हे केवळ पुस्तकी गणित नव्हे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील ‘उपहार’ चित्रपटगृहात धुराने गुदमरून ५९ प्रेक्षक मेले. तेथे वाढीव खुर्च्यांनी बाहेर पडण्याची वाट अडविली होती, हे न्यायालयात पुढे आले. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण मेले. बरेचजण स्वच्छतागृहात आश्रयाला गेले आणि तेथेच गुदमरले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि जेथे भोंग्यावर माणसांची पाळी बदलत असे तेथे रात्रीच्या करमणुकीचा धंदा उभा राहिला. गिरणीला निदान कारखान्यांचा कायदा होता, तपासनीस होता, कामगारांची संघटना होती. गच्चीवरच्या ताडपत्रीखाली यांपैकी काय होते?

दंगा कोणी आवरावयाचा?

आग हा विरळा प्रसंग. रोजचा प्रसंग आहे तो धुडगुसाचा. याचेही गणित तेच आहे. पहिल्या पेल्यापेक्षा पाचव्या पेल्यावर मालकाचा नफा काही कमी होत नाही. पण पहिल्या पेल्याने जो मनुष्य बोलका होतो तो पाचव्या पेल्याने टेबल उलटवितो. पाचवा पेला विकण्याचा निर्णय मालकाचा, आणि उलटलेल्या टेबलापुढे उभे राहण्याचे काम वेटरचे. ‘आता पुरे, साहेब’ हे तीन शब्द म्हणण्यास त्याला किती धैर्य लागत असेल, याची कल्पना खुर्चीवर बसून येणार नाही. १९९९ साली दिल्लीतील एका उपाहारगृहात, मद्याची वेळ संपली असे सांगणाऱ्या एका तरुणीला त्याच कारणावरून गोळी घालण्यात आली. तो खटला पुढे देशभर गाजला. त्यातून आपण न्यायदानाविषयी पुष्कळ चर्चा केली. मद्य देण्यास नकार देणाऱ्या नोकराला कोणते संरक्षण असावे, याची चर्चा केल्याचे स्मरत नाही.

आणि दंगा दाराच्या आत राहत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. गाडी चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि तो त्याआधी मद्यालयांत जाऊन आला होता, असे तपासात पुढे आले. आपल्या राज्यात कडक मद्य पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे नियम होता, आणि तो कडक होता. नव्हता तो दारात उभा राहून वय विचारणारा मनुष्य. किंवा असलाच तर ‘याला आत सोडू नका’ असे म्हणण्यात त्याचा काही लाभ नव्हता.

मोठ्या शहरांत दारावर ‘बाउन्सर’ नावाचे दणकट तरुण उभे असतात. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. रक्षकाची पूर्वतपासणी व्हावी, त्याला प्रशिक्षण असावे, अशी त्यात तरतूद आहे. पण लहान गावांत बहुधा मालकाच्या ओळखीचा एखादा तालमीतला पोरगा दारात उभा केला जातो. तो मारू शकतो. गर्दीला शांत करू शकतो असे नाही. मारणे आणि आवरणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. गर्दी कशी वाढते, भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळ्या दारांनी कसे बाहेर काढावे, बेशुद्ध पडलेल्याला कुशीवर कसे निजवावे, हे शिकवावे लागते. दंडाच्या घेरावरून ते येत नाही.

सरकारचा गल्ला

या व्यवहारात एक भागीदार असा आहे की त्याचे नाव पाटीवर नसते. तो भागीदार म्हणजे सरकार. महाराष्ट्रात मद्याचे परवाने दिले जातात ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आले. बंदीच्या कायद्याने विक्री चालविणाऱ्या राज्याची मनःस्थितीही तशीच दुहेरी आहे. तोंडाने निषेध आणि हाताने वसुली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील असा अंदाज सांगण्यात आला. या पैशातून शाळा व रस्ते होतात हे खरे. पण ज्या ठिकाणी हा पैसा जमतो, तेथील मागच्या दाराची पाहणी करण्यास त्यातले किती रुपये परत येतात? वर्षअखेरच्या रात्री पहाटे पाचपर्यंत मद्यालये उघडी ठेवण्याची परवानगी अलीकडील वर्षांत दिली गेली आहे. त्या वाढीव तासांबरोबर किती वाढीव पोलीस, किती वाढीव बंब दिले गेले, हे कधी जाहीर झाल्याचे वाचनात नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको असा निकाल दिला. हेतू चांगला होता. पुढे काय झाले? कोठे रस्त्यांचा दर्जा बदलण्यात आला, तर कोठे मालकांनी दारापर्यंत नागमोडी वाट बांधून चालण्याचे अंतर वाढविले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दीतील दुकानांना त्यातून सूटही मिळाली. एवढ्या साऱ्या खटाटोपात आपण अंतर मोजले, दारे मोजली नाहीत.

इंग्लंड व वेल्समध्ये २००३ साली मद्याच्या परवान्यांचा नवा कायदा झाला. परवाना कशासाठी, हे तेथे चार उद्दिष्टांत सांगितले आहे: गुन्हे व बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता राखणे, लोकांना होणारा उपद्रव टाळणे आणि मुलांचे रक्षण करणे. दारावरील रक्षकालाही तेथे स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. तेथे दंगे होतच नाहीत असे नव्हे. शनिवारच्या रात्री इंग्लंडातील शहरांत काय चालते याच्या कथा पुष्कळ आहेत. फरक इतकाच की, परवान्याचा फेरविचार करताना प्रश्न विचारला जातो तो या चार गोष्टींचा. आपल्याकडे शुल्क भरले की नाही, हा पहिला प्रश्न असतो आणि बहुधा तोच शेवटचाही.

चोपदाराचा दंड

गर्दी आवरता येत नाही, आपले लोकच बेशिस्त, असे एक उत्तर तयार असते. मंगळवेढ्यात राहणाऱ्याला ते पटणे कठीण आहे, कारण पंढरपूर आम्हांला हाकेच्या अंतरावर आहे. आषाढीला तेथे लाखो माणसे येतात. वारीची आणि मद्यालयाची तुलना केल्याबद्दल वारकरी मंडळींनी मला क्षमा करावी. तुलना स्थळांची नव्हे, व्यवस्थेची आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार आपला दंड उंचावतो आणि त्यासरशी दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकून घेतली जाते, आणि मग सर्वत्र शांतता होते.

यात चमत्कार नाही, व्यवस्था आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, म्हणजे मोजदाद आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा हे सर्वांस ठाऊक आहे आणि तो अधिकार सर्वांना मान्य आहे. तक्रार करणाऱ्याचा टाळ ऐकला जातो. मोजदाद, जागा, अधिकार आणि तक्रारीची सोय या चार गोष्टी असतील तर लाखांची गर्दी आवरते. त्या नसतील तर पन्नास माणसांच्या खोलीतही चेंगराचेंगरी होते.

थोडे नियम, पण दिसणारे

मग करावे काय? नियमांची संख्या वाढविणे हा उपाय नव्हे. महाराष्ट्रात आगप्रतिबंधाचा कायदा २००६ पासून आहे. इमारतीतील आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावयाचा असतो. कागदावर हे उत्तम आहे. परंतु ज्या नियमाचे पालन झाले की नाही हे फक्त तपासनीस व मालक या दोघांनाच कळते, त्या नियमाची किंमत त्या दोघांत ठरते. व्यापारी मंडळी नेहमी म्हणतात की प्रत्येक नवा नियम म्हणजे एक नवा हप्ता. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. म्हणून नियम थोडे असावेत, पण रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते पाळले गेले की नाही हे दिसावे.

दारावर मोठ्या मराठी अक्षरांत पाटी असावी: आत किती माणसांना परवानगी, बाहेर पडण्याची दारे किती, आगीच्या दाखल्याची मुदत कधी संपते, तक्रार कोठे करावी. एस. टी. बसमध्ये आसनांची संख्या लिहिलेली असते, मग परमिट रूमवर का नसावी? मागचे दार बाहेरच्या बाजूस उघडावे आणि धंद्याच्या वेळात त्याला कुलूप आढळल्यास तो परवाना त्या रात्रीपुरता तेथल्या तेथे थांबवावा. बुडालेल्या बिलाची रक्कम नोकराच्या पगारातून कापण्यास परवान्याच्या अटींतच स्पष्ट मनाई असावी. वेतनविषयक कायद्याने मनमानी कपातीवर मर्यादा घातलीच आहे, पण ती वेटरच्या टेबलापर्यंत पोहोचलेली नाही. अतिमद्यप्राशन केलेल्या गिऱ्हाइकाला नकार देणाऱ्या नोकराला कामावरून काढता येऊ नये. दारावरचा रक्षक प्रशिक्षित असावा. बंद होण्याच्या अर्धा तास आधी संगीत थांबवून दिवे पूर्ण लावावेत, म्हणजे सारी गर्दी एकाच क्षणी रस्त्यावर लोटली जाणार नाही. आणि ज्या नगरपालिकेच्या हद्दीत हे उत्पन्न होते, तिच्या अग्निशमन दलाला शुल्काचा एक ठराविक हिस्सा मिळावा.

यांतील एकही गोष्ट अवघड नाही. दाराच्या दोन बिजागऱ्या उलट्या बसविण्यास सुताराला फार वेळ लागत नाही. अवघड आहे ते एवढेच, की यामुळे काही खर्च मालकाच्या वहीत परत येतो, आणि तो तेथे येऊ नये अशी ज्यांची इच्छा आहे ते संघटित आहेत. वेटर संघटित नाहीत. हडफड्याच्या त्या क्लबचे बांधकाम पाडण्याची नोटीस ग्रामपंचायतीने पूर्वीच दिली होती आणि तिला वरून स्थगिती मिळाली, असे तेथील सरपंचांनी दुर्घटनेनंतर सांगितले. कागद हलले होते. दार उघडले नव्हते.

आमच्या गावाला या बाबतीत एक जुनी आठवण आहे. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली सापडून संत चोखामेळा व त्यांच्याबरोबरचे मजूर मेले, असे परंपरा सांगते. साल १३३८ दिले जाते. कूस गावाच्या रक्षणासाठी होते. ते बांधणाऱ्यांना गावात जागा नव्हती, आणि ते पडले तेव्हा मेले तेच. चोखोबांचे अभंग आपण म्हणतो, त्यांच्या नावाने हात जोडतो. पण ज्यांच्या श्रमावर इतरांची सोय उभी असते त्यांच्या डोक्यावरची भिंत पक्की आहे की नाही हे पाहावयाचे नाही, ही आपली सवय सातशे वर्षांत फारशी बदललेली दिसत नाही.

परवा तो विद्यार्थी पुन्हा भेटला. मी त्याला वडीलकीच्या नात्याने म्हणालो, ‘हे बघ, पैसे गेले तर जाऊ देत, पण ते कुलूप लावीत जाऊ नकोस.’ तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘खरे आहे सर. पण मग ते पैसे कोणी भरायचे?’ तीस विद्यार्थ्यांपुढे रोज तास घेणाऱ्या मला त्याला काही उत्तर देता आले नाही. कारण हा प्रश्न त्याने मला विचारला असला तरी तो माझ्यासाठी नव्हता. ज्याने परवाना घेतला त्याच्यासाठी तो होता, ज्याने परवाना दिला त्याच्यासाठी होता, आणि त्या परवान्याच्या उत्पन्नावर ज्यांच्या शाळा व रस्ते चालतात त्या आपणां सर्वांसाठी होता. त्याचे उत्तर आपण देत नाही तोवर रोज संध्याकाळी सात वाजता तो मुलगा उठणार आणि ते कुलूप लावणार.